काचेच्या घरांतली भाऊबंदकी

पवनारच्या एका भगिनींनीं या महिन्यांत पत्र लिहून आपली एक अडचण आम्हांस कळविली आहे. धाम नदीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर त्यांचें घर. घरांत सासूसासरे, दोघे भाऊ, दोघी जावा आणि चार मुलें असा गोतावळा. गेल्या वर्षीं त्यांच्या दिरांनीं हौसेनें काचेची मोठी पेटी आणून तींत खाऱ्या पाण्याची सिद्धता केली, व महिना-दीड महिन्यानें नागपुराहून दोन विदूषक मासे आणून सोडले. नारिंगी अंग, त्यावर काळ्या कडांचे तीन पांढरे पट्टे आणि डुलत डुलत पोहण्याची ढब, यांमुळें या माशाला इंग्रजींत 'क्लाउनफिश' हें नांव पडलें. २००३ सालीं आलेल्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटापासून मुलें तर त्याला 'निमो' याच नांवानें ओळखतात.

आठ महिने या जोडीचें उत्तम जमलें. पुढें, दोघांना करमत नसेल अशी मुलांची समजूत झाली व त्यांच्या आग्रहावरून तिसरा मासा घरीं आला. त्या दिवसापासून त्या तिसऱ्याला स्वस्थता म्हणून नाहीं. मोठा मासा त्याला पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिटाळतो. मधलाहि संधि सांपडेल तेव्हां दोन चावे घेतो. तिसऱ्याच्या शेपटीच्या कडा फाटल्या आहेत. हल्लीं तो पाण्याच्या पृष्ठभागालगत एका कोपऱ्यांत अंग चोरून राहतो व अन्न टाकलें तरी खालीं येत नाहीं. मामंजींचें मत असें कीं, घरांत नवें माणूस आलें म्हणजे चार दिवस कुरबुर चालावयाचीच, तींत कोणी पडूं नये. जाऊबाईंचें मत असें कीं, मोठा फार दांडगा आहे, त्यालाच काढून टाकावें. या दोहोंपैकीं कोणाचें ऐकावें, असा भगिनींचा प्रश्न आहे.

उत्तर आधीं देतों, कारणें मागाहून सांगतों. तिसरा मासा आजच वेगळा करावा. चार दिवस वाट पाहूं नये, आणि मोठ्याला तर मुळींच काढूं नये. मामंजींचा सल्ला काय किंवा जाऊबाईंचा काय, माणसांच्या घरांत कदाचित् शहाणपणाचा ठरेल. परंतु विदूषक माशांच्या घरची रीत निराळी आहे. ती एकदां नीट समजून घेतली म्हणजे पेटींतील पुष्कळशीं भांडणें होण्यापूर्वींच टाळतां येतात.

पहिली गोष्ट ही कीं, ज्याला जाऊबाई दांडगा म्हणतात तो 'तो' नसून बहुतेक 'ती' आहे. विदूषक माशांच्या सुमारें तीस जाती आहेत आणि त्या सर्वांत एक विलक्षण नियम दिसतो. यांच्यांत जन्मतः मादी कोणीच नसते. एका घरांत चार-पांच मासे राहत असले तर त्यांतील सर्वांत मोठा व वरचढ असेल तो मादी होतो. त्याच्या खालोखालचा नर होतो. आणि बाकीचे वयानें वाढले तरी ना धड नर ना मादी, असे उमेदवार म्हणून राहतात. हान्स फ्रिके व सिमोन फ्रिके या संशोधकांनीं १९७७ सालीं 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकांत हा व्यवहार उलगडून दाखविला. मादीचा दरारा हाच नराला नर म्हणून ठेवतो, आणि नराचा दरारा उमेदवारांना उमेदवार म्हणून ठेवतो. मादी मेली कीं नराची हळूहळू मादी होते आणि उमेदवारांत जो पहिला तो नराच्या जागीं चढतो. वागणुकींतील पालट लौकर दिसूं लागतो. शरीराच्या आंतील पालटाला कित्येक आठवडे, प्रसंगीं महिनेहि लागतात. हा प्रवास एकेरी आहे. नराची मादी होते. मादीचा पुन्हां नर होत नाहीं. मुलांच्या आवडत्या चित्रपटांत आई गमावलेल्या निमोला बाप वाढवितो. समुद्रांत तसें घडलें असतें तर तो बाप काहीं काळानें मादी झाला असता. हें मुलांना सांगून पाहावें. त्यांना या गोष्टीची गंमत मोठ्यांपेक्षां लौकर कळते.

आतां जाऊबाईंच्या उपायाचा परिणाम पाहूं. मोठी काढली तर मधल्याची मादी होऊं लागेल व तिसरा नराच्या जागीं येईल. हें एका परीनें सुखाचें. परंतु काढलेल्या मोठीला चार महिन्यांनीं परत आणून सोडलें तर एका पेटींत दोन माद्या होतील. त्यांतली एकहि मागें हटूं शकत नाहीं, कारण मागें हटण्याची पायरीच तिच्या शरीरांत उरलेली नसते. अशा दोन माद्यांचें भांडण बहुधा एकीच्या मरणानेंच मिटतें. म्हणून बसलेली जोडी मोडून नवी बसविण्याचा खटाटोप करूं नये.

दुसरी गोष्ट आकाराची. पीटर बस्टन या संशोधकानें पापुआ न्यू गिनीच्या समुद्रांत विदूषक माशांच्या पुष्कळ गटांचीं मापें घेतलीं, आणि २००३ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका घरांतील मासे कसेहि लहानमोठे नसतात. वरचा मासा खालच्याच्या सुमारें सव्वापट लांब, अशी जणूं जिन्याच्या पायऱ्यांसारखी त्यांची उतरंड असते. ती आपोआप राहत नाहीं. खालचा मासा आपली वाढ स्वतःच आवरून धरतो. तो वरच्याच्या मापाला पोंचूं लागला कीं वरच्याला त्यांत प्रतिस्पर्धी दिसतो, आणि मग घराबाहेर हुसकावलें जाण्याचा प्रसंग येतो. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेलें एक संशोधन तर याच्याहि पुढें गेलें. पापुआ न्यू गिनीच्याच किंबे उपसागरांत समुद्राचें पाणी फार तापलें असतां १३४ मासे महिनोन्महिने मोजण्यांत आले. त्यांतील सुमारें तीन-चतुर्थांश मासे एकदां तरी लांबीनें आखूड झाले, आणि जोडीदाराबरोबर जे आखडले त्यांचा जीव तगण्याचा संभव अधिक दिसला. घरांतील मापांचा मेळ या माशांना प्राणाइतका मोलाचा आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

पवनारच्या घरांत काय झालें तें आतां कळणें सोपें आहे. जोडी बसलेली होती, उतरंड ठरलेली होती. तींत दुकानांतून आलेला तिसरा मासा मधल्याच्या जवळपास मापाचा असणार, असा आमचा तर्क आहे. कारण मधलाहि त्याला चावतो असें पत्रांत म्हटलें आहे. मादीच्या दृष्टीनें तो आगंतुक, नराच्या दृष्टीनें तो वाटेकरी. दोघांचें वागणें त्यांच्या रीतीला धरूनच आहे.

मग समुद्रांत असले मासे एकमेकांना मारून कां टाकीत नाहींत? धामच्या घाटावर बसून पाण्यांत पाहणाऱ्याला मासे एकमेकांच्या पाठीं लागलेले नेहमींच दिसतात. एक धांवतो, दुसरा पळतो, आणि चार हातांवर दोघे आपापल्या वाटेला लागतात. पाठलाग थांबतो तो पाठलाग करणाऱ्याच्या मनांत दया उपजते म्हणून नव्हे. पळणाऱ्याला नदी मोकळी असते म्हणून. समुद्रांतहि तेंच. विदूषक मासे समुद्रपुष्पाच्या आश्रयानें राहतात. समुद्रपुष्प हें नांव फुलाचें असलें तरी तो डंख करणारा प्राणी आहे. त्याच्या डंखाचा त्रास या माशांना होत नाहीं आणि त्यांचे शत्रु मात्र दूर राहतात. तेथून हुसकावलेल्या माशाचें पुढें बरें होतेंच असें नाहीं. उघड्यावर तो चटकन् दुसऱ्याच्या तोंडीं पडतो. तथापि भांडण तेथें संपतें, कारण हरलेला निघून गेलेला असतो.

काचेच्या पेटींत हरलेल्याला निघून जातां येत नाहीं. त्यानें हार पत्करली आहे, तो कोपऱ्यांत दडला आहे, परंतु मादीच्या नजरेला तो अजून तेथेंच दिसतो. आणि या माशांच्या भाषेंत 'न जाणें' याचा अर्थ 'न मानणें' असा होतो. म्हणून ती पुन्हां धांवून जाते. मामंजींच्या चार दिवसांचे चाळीस दिवस झाले तरी हें मिटणार नाहीं. मिटेल तें तिसऱ्याच्या मरणानें. समुद्र जी वाट हरलेल्याला देतो ती पेटींत मिळत नाहीं. ती पाळणाऱ्यानें आपल्या हातानें द्यावी लागते. विदूषक माशांच्या पालनांत एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवली तरी बरेंच साधेल.

याचा अर्थ पेटींत जराशी झटापट दिसली कीं लगेच जाळें घेऊन धांवावें असा नाहीं. साधी कुरबुर व जीवघेणा छळ यांत भेद आहे, आणि तो डोळ्यांनीं ओळखतां येतो. मोठा मासा अंगावर धांवला, लहान्यानें आडवें होऊन अंग थरथरविलें, आणि मोठा वळून गेला, तर तें भांडण नव्हे. तो नमस्कार झाला. ही थरथर म्हणजे हार मान्य केल्याची खूण. ती पाहून पुष्कळ जण माशाला फेंपरें आलें असें समजून घाबरतात. वास्तविक ती दिसली म्हणजे जोडी जमण्याच्या मार्गावर आहे असें समजावें. पेटीजवळ कान दिला तर कधीं कधीं टक्‌टक् असा आवाजहि ऐकूं येतो. हे मासे जबडा झटकन् मिटून दांतांवर दांत आपटतात, त्याचा तो ध्वनि. तोहि धाकदपटशाचा एक प्रकार आहे. तेवढ्यानें कोणी मरत नाहीं.

छळाच्या खुणा निराळ्या असतात. थरथरून शरण आलेल्यावरहि चावे चालूच राहणें. पर फाटणें, खवले निघणें. लहान्यानें दिवसभर पृष्ठभागालगत किंवा गाळणीच्या नळीमागें दडून राहणें. अन्नाला न येणें. श्वास जलद चालणें. यांतील दोन खुणा एकत्र दिसल्या तरी निवाडा झाला असें समजावें. पवनारच्या पत्रांत तीन आहेत.

आतां प्रत्यक्ष करावयाचें तें असें. बारीक छिद्रांची प्लॅस्टिकची पेटी किंवा टोपली त्याच पेटींत वरच्या बाजूस अडकवून तिसऱ्याला तींत ठेवावें. पाणी तेंच असल्यामुळें त्याच्या प्रकृतीला धक्का बसणार नाहीं, चावे तेवढे थांबतील. दिवसांतून दोनतीनदां थोडें थोडें अन्न द्यावें. खाऊं लागला कीं निम्मी लढाई जिंकली. फाटलेले पर, पाणी स्वच्छ असल्यास, कांहीं आठवड्यांत बहुधा भरून येतात. ही सोय तात्पुरती आहे. टोपली हें कोणाचें घर होऊं शकत नाहीं. पुढें एक तर तो दुकानदारास परत करावा, किंवा ज्यांच्याकडे खाऱ्या पाण्याची पेटी आहे पण विदूषक मासा नाहीं अशा ओळखीच्या घरीं द्यावा, किंवा दिरांचा उत्साह टिकून असेल तर दुसरी पेटी मांडावी. या शेवटच्या उपायांत एक गंमत आहे. नव्या पेटींत तो एकटा राहिला आणि पुढें त्याच्याहून बराच लहान असा एक जोडीदार आणला, तर हाच मार खाल्लेला मासा तेथील वरचढ होईल व कालांतरानें मादी बनेल. येथें ज्याला कोपरा मिळाला नाहीं तो तेथें घरची मालकीण होतो.

एक गोष्ट मात्र चुकूनहि करूं नये. दया येऊन त्याला धामच्या पात्रांत सोडूं नये. समुद्राचा मासा गोड्या पाण्यांत जगत नाहीं. तें दान नव्हे, मरण होईल. आणि पेटींतील गोड्या पाण्याचे परके मासेहि नदींत सोडूं नयेत. ते जगले तर नदींतल्या मूळच्या माशांच्या अन्नावर व अंड्यांवर घाला घालतात.

ज्या घरांत नव्यानें जोडी बसवावयाची आहे त्यांच्यासाठीं चार शब्द. दोन मासे एकाच जातीचे, एकाच वेळीं, दोन्ही कोवळ्या वयाचे, आणि एक दुसऱ्याहून उघड दिसेल इतका मोठा असे निवडावेत. नर कोणता व मादी कोणती हें दुकानदारास विचारीत बसण्याचें कारण नाहीं. तें तेच ठरवितील. दोन्ही पूर्ण वाढलेले व सारख्या मापाचे मासे घेणें हा सर्वांत मोठा धोका, कारण त्यांत दोन माद्या असण्याचा संभव असतो. घरीं एकच मोठा मासा असेल तर त्याला जोडीदार म्हणून त्याच्या निम्म्या मापाचें पिलूं आणावें. दोघांच्या मध्यें आठ-पंधरा दिवस छिद्रांचा पडदा ठेवावा, म्हणजे एकमेकांस पाहतील पण चावूं शकणार नाहींत. पडद्यापाशीं पिलूं थरथरूं लागलें व मोठ्याचें पडद्यावर धडका मारणें थांबलें कीं पडदा काढण्याची वेळ आली. काढण्यापूर्वीं दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे 'ही जागा माझी' असा जुना हक्क कोणाजवळ उरत नाहीं. दोघांना पोटभर खाऊं घालून दिवा मालवण्याच्या सुमारास पडदा काढावा व पहिला तासभर तेथेंच बसून राहावें. न थांबतां चावे चालले तर पडदा पुन्हां घालावा आणि आणखी आठवडाभर थांबावें. दोनतीन वेळां असें करूनहि जमलें नाहीं तर त्या दोघांचा योग नाहीं असें समजून लहान्याला वेगळें करावें. वाट मोकळी ठेवणें म्हणतात तें हेंच.

दोन निराळ्या जातींचे विदूषक मासे एका पेटींत मिसळूं नयेत. गडद तांबड्या रंगाची जी जात 'मरून क्लाउन' म्हणून मिळते ती तर फारच तापट. तिच्या वाटेला नवशिक्यानें जाऊं नये. ओकिनावा येथील संशोधकांचें २०२४ सालचें एक काम या बाबतींत मनोरंजक आहे. आपल्या भगिनींच्या घरीं आहे तीच तीन पट्ट्यांची जात त्यांनीं घेतली, आणि तिला असें आढळलेलें दिसलें कीं तीन पट्ट्यांचा परका हा अधिक धोक्याचा. एक किंवा दोन पट्टे असलेल्या माशांवर ती कमी तुटून पडे. स्वतःसारखा दिसणारा हाच तिला खरा प्रतिस्पर्धी वाटतो. मुलांनीं तिसरा मासा हुबेहूब पहिल्यांसारखा निवडला असेल तो प्रेमानेंच. परंतु सारखेपणा हाच त्याचा अपराध ठरला.

समुद्रपुष्प पेटींत असलेंच पाहिजे असें नाहीं. त्याला प्रखर उजेड व महिनोन्महिने स्थिरावलेलें पाणी लागतें, आणि नव्या पेटींत तें मेलें तर सारें पाणी नासतें. विदूषक मासे त्याच्यावांचून सुखानें राहतात. एखादी मातीची लहान कुंडी आडवी ठेवली तरी तिलाच घर मानतात.

विदर्भांतल्या घरांना एक अडचण किनाऱ्यावरच्या घरांहून अधिक. वर्धा जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि या माशांना २५ ते २८ अंशांचें पाणी मानवतें. पाणी तापलें कीं त्यांतला प्राणवायु कमी होतो व माशाची गरज मात्र वाढते. अशा वेळीं ज्याला कोपऱ्यांत कोंडलें आहे तो प्रथम जातो. पाण्याच्या पृष्ठभागावरून साधा पंखा सोडला तर दोनतीन अंशांचा फरक पडतो. आपल्याकडच्या कोरड्या वैशाखांत कूलर जसा गार वारा देतो आणि श्रावणांत देत नाहीं, त्याचें जें कारण तेंच येथें: पाणी उडून जातांना उष्णता घेऊन जातें. परंतु उडतें तें नुसतें पाणी. मीठ मागें राहतें. समुद्राच्या पाण्यांत लिटरला सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरच्या पेटींतून पांच लिटर पाणी उडालें तर हें प्रमाण ३७ ग्रॅमच्या जवळ जातें. म्हणून रोजची घट रोज गोड्या पाण्यानें भरावी. खाऱ्या पाण्यानें भरूं नये, नाहीं तर क्षार वाढतच जातात. विहिरीच्या वा बोअरच्या जड पाण्यापेक्षां आरओ यंत्रांतून गाळलेलें पाणी बरें. स्वयंपाकघरांतलें मीठ यांत चालत नाहीं. समुद्राच्या पाण्यासाठीं तयार मिळणारें क्षारांचें मिश्रणच वापरावें. वीज गेली तर हवा चालू राहावी म्हणून बॅटरीवर चालणारा लहान पंप घरांत असूं द्यावा. थंडींत रात्रीं पारा उतरतो तेव्हां पाणी ऊब धरून ठेवील असा हीटर लागेल.

मासा कोठून आला याचाहि भांडणाशीं संबंध आहे. समुद्रांतून पकडलेला मोठा मासा बहुधा कोणत्या तरी बसलेल्या जोडींतून तोडलेला असतो. तो थकलेला व चिडलेला येतो, आणि मागें राहिलेलें घर मोडतें तें वेगळेंच. पैदास केंद्रांत वाढलेलीं पिलें लहानपणापासून एकमेकांच्या सोबतींत असतात, पेटींतलें अन्न खायला शिकलेलीं असतात. आपल्या देशांत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें तामिळनाडूंतील मंडपम् व केरळांतील विळिंजम् येथील आपल्या केंद्रांतून विदूषक माशांच्या पैदाशीचें तंत्र बसविलें. महाराष्ट्रांत ऐरोली येथेंहि वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या केंद्रांत शोभेच्या सागरी माशांच्या पैदाशीचें काम सुरू झालें. म्हणून खरेदी करतांना पहिला प्रश्न किंमतीचा न विचारतां, 'हा पैदाशीचा कीं समुद्रांतला?' हा विचारावा. विदूषक मासा नीट सांभाळला तर वीस वर्षेंहि जगतो. आज जीं मुलें पेटीसमोर बसतात त्यांचीं लग्नें होईपर्यंत तो सोबत करूं शकेल; तेव्हां आणण्यापूर्वीं घरांत सर्वांनीं मिळून विचार करावा हें बरें.

तिसरा बाजूला झाल्यावर जोडी पुन्हां शांत होईल, आणि वय भरलें असेल तर एखादे दिवशीं कुंडी घासूनपुसून साफ करतांना दिसेल. मग मादी तिच्यावर नारिंगी अंडीं घालते. तेथून पुढें राखण मुख्यतः नराची. तो परांनीं वारा घालतो, मेलेलीं अंडीं वेंचून काढतो, आणि सात ते दहा दिवसांत अंधार पडल्यावर पिलें बाहेर येतात. या दिवसांत पेटींत हात घातला तर मादी हातालाहि चावेल. तें दुखत नाहीं, पण मुलांना आधीं सांगून ठेवावें.

शेवटीं मामंजींना एक विनंति. आपला सल्ला मायेचाच होता. माणसांच्या घरांत चार दिवसांची कुरबुर मिटते, कारण माणूस बोलूं शकतो, समजून घेऊं शकतो, आणि फार झालें तर चार दिवस माहेरीं जाऊन येऊं शकतो. माशाला यांतलें कांहींच नाहीं. त्यांच्या घरांत धाकट्यानें आपली वाढ खुंटवून घेणें ही जगण्याची युक्ति आहे. आपल्या घरांत कोणाला तसें करावें लागत असेल तर त्याला आपण वळण म्हणूं नये. माशांपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. त्यांचें अनुकरण करण्यासारखें मात्र थोडें.

आणि मुलांना एवढेंच सांगावें: त्या दोघांना करमत नव्हतें असें नाहीं. समुद्रपुष्पाच्या दोन हातांच्या परिघांत सारा जन्म काढणारे ते जीव आहेत. त्यांना तिसरा नको होता. तिसऱ्यालाहि ते दोघे नको होते; त्याला हवी होती फक्त दुसरी एक कुंडी.